पत्र्याचा डबा, बाणाची जुनी पाती आणि "१९३० चं आहे" हा दावा

"आजोबांची शिकारीची पाती, १९३० चं दशक" अशी चिठ्ठी चिकटवलेला पत्र्याचा एक डबा मिशिगनमधल्या माझ्या एका मित्राने इस्टेट सेलमधून उचलला. इस्टेट सेल म्हणजे घरातलं म्हातारं माणूस गेलं की मुलंबाळं घरभर सामान मांडून ठेवतात आणि लोक येऊन घेऊन जातात, तो प्रकार. त्याचं म्हणणं अगदी सरळ होतं, "दादा, तू फक्त फोटो बघ आणि साल सांग, मी आज रात्रीच ऑनलाइन लिलावाला टाकतो." साल सांग म्हणे! फोटोवरून साल सांगता आलं असतं तर हे प्रकरण लिहायची गरजच नव्हती. शेवटी त्याला डबा घेऊन माझ्याकडे यायला लावलं आणि सगळं टेबलावर पांढऱ्या कागदावर मांडलं.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्रॉडहेड म्हणजे शिकारीच्या बाणाचं रुंद, धारदार पात्यांचं टोक. निशाणेबाजीच्या सरावाला लावतात ते गोलसर टोक वेगळं. पातं ज्या नळीवर बसवलेलं असतं तिला फेरूल म्हणतात आणि ती नळी बाणाच्या काडीवर बसते. अमेरिकेत हे जमवणारे लोक चिक्कार आहेत, अमेरिकन ब्रॉडहेड कलेक्टर्स क्लब नावाची संस्थाच आहे त्यांची. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला त्यामुळे हे सामान भारतात बघायला मिळत नाही, पण इकडे मिडवेस्टात जुन्या गॅरेजमध्ये हमखास निघतं. माझी नोकरी शीट मेटलची, त्यामुळे मला शिकारीत काडीचा रस नसला तरी वेल्ड आणि रिव्हेट बघायची खोड आहे, आणि तिथूनच मी या नादाला लागलो.

आता चिठ्ठीवरच्या दाव्याकडे बघू. १९३० च्या दशकात अमेरिकेत धनुष्याने शिकार करणारे लोक होतेच किती? १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ 'याही' नावाच्या आदिवासी जमातीचा इशी हा माणूस सापडला, त्याच्याकडून डॉक्टर सॅक्स्टन पोप धनुष्य शिकले, पोप आणि आर्ट यंग या जोडीने विसाच्या दशकात हा छंद लोकांपुढे आणला, इथपर्यंत ठीक. पण विस्कॉन्सिनने धनुष्यासाठी हरणाच्या शिकारीचा वेगळा हंगाम दिला तो १९३४ ला आणि मिशिगनने १९३७ ला. त्याआधी मुळात गिऱ्हाईकच मूठभर, त्यामुळे कारखान्याचा माल थोडा आणि घरी, गॅरेजमध्ये केलेली पाती जास्त. रॉय केस यांच्या किस्कासारखी त्या काळातली नावाजलेली पाती आहेत, नाही असं नाही, पण ती कोणाच्याही डब्यात सापडावीत इतकी नाहीत. खरी भरभराट झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणजे मिशिगनच्या गॅरेजमधला डबा उघडायच्या आधीच माझा अंदाज पन्नास ते सत्तरच्या दशकांचा होता, आणि "१९३०" सिद्ध करायची जबाबदारी चिठ्ठीवर होती, माझ्यावर नाही.

डब्यात काय होतं ते सांगतो. बेअर रेझरहेडचं पुठ्ठ्याचं एक खोकं, त्यात काही पाती. तसलीच दोन-तीन पाती सुटी, स्क्रूवर बसवलेली. देवदाराच्या काडीवर एक काळं, दोन धारांचं पातं. एक तीन पात्यांचं. पितळी नळीचं एक ओबडधोबड. शिवाय घडी घालून ठेवलेला १९५७ चा शिकारीचा परवाना, जो बघून मित्र लगेच म्हणाला, "मग १९५७ पक्कं ना?" अरे बाबा, परवाना माणसाचं साल सांगतो, पात्याचं नाही! माणूस १९५७ ला शिकारीला जात होता एवढंच त्यातून कळतं, पाती त्याने त्याआधी घेतली की नंतर वीस वर्षांनी घेतली हे तो कागद कसं सांगणार. डबा हा असा असतो की त्यात माणूस आयुष्यभर टाकत राहतो, त्यामुळे अख्ख्या डब्याला एक साल लावायचंच नाही, प्रत्येक वस्तूचा हिशोब वेगळा. आणि हिशोबही "कुठल्या सालचं" असा नाही करायचा, "कुठल्या सालाच्या आधीचं असूच शकत नाही" असा करायचा. पहिल्या प्रश्नाला बहुतेक वेळा उत्तर नसतं, दुसऱ्याला जवळजवळ नेहमी असतं.

खोक्यापासून सुरुवात केली कारण त्यावर छापील मजकूर होता आणि छापील मजकूर लोखंडापेक्षा जास्त बोलतो. फ्रेड बेअर यांनी धंदा सुरू केला डेट्रॉइटमध्ये १९३३ ला, १९४७ ला कारखाना ग्रेलिंगला नेला, आणि १९७८ मध्ये तो फ्लोरिडात गेनस्व्हिलला गेला. रेझरहेड बाजारात आलं १९५६ ला. खोक्यावर पत्ता ग्रेलिंग, मिशिगन. म्हणजे १९५६ ते १९७८ ही चौकट कोणताही तर्क न लढवता मिळाली आणि १९३० चा निकाल तिथेच लागला. पुढची गंमत पत्त्याच्या शेवटी होती, ४९७३८, पाच आकडी झिप कोड, म्हणजे तिकडचा पिनकोड. अमेरिकेत झिप कोड सुरू झाला १ जुलै १९६३ ला. त्याआधी मोठ्या शहरांना १९४३ पासून एक-दोन आकडी झोन नंबर असायचे, 'डेट्रॉइट ७, मिशिगन' असे, आणि लहान गावांना तेही नसायचे. म्हणजे खोकं १९६३ च्या आधी छापलेलं असूच शकत नाही. चौकट आली १९६३ ते १९७८ वर.

आता यापुढे लोक घसरतात. १९६८ मध्ये बेअर यांनी कंपनी व्हिक्टर कॉम्प्टोमीटर या मोठ्या कंपनीला विकली आणि त्यानंतरच्या कागदांवर व्हिक्टरचं नाव दिसायला लागतं. आमच्या खोक्यावर ते नाव नव्हतं. मित्र म्हणाला मग १९६३ ते १९६८, झालं की काम! नाही झालं. नाव असतं तर "१९६८ नंतरचं" हा पक्का पुरावा झाला असता, पण नाव नसणं हा कच्चा पुरावा, कारण जुना छापील माल संपेपर्यंत वापरायचा ही सवय जगात सगळ्याच कारखान्यांना असते आणि लहान खोक्यावर जागाही कमी असते. बारकोडचंही तेच. दुकानात पहिला बारकोड स्कॅन झाला जून १९७४ मध्ये, पण म्हणून बारकोड नसलेलं सगळं १९७४ च्या आधीचं असं नाही. म्हणून मी खोक्यापुढे लिहिलं, "१९६३ ते १९७८, बहुधा या काळाच्या पहिल्या अर्ध्यातलं", आणि 'बहुधा' या शब्दावर मी अडून बसलो कारण विकत घेणारा माणूस माझ्यापेक्षा जास्त जाणकार असण्याची शक्यता दाट होती.

पण खोक्याचं साल म्हणजे आतल्या पात्यांचं साल नव्हे, हेही बघावं लागतं. रिकाम्या जुन्या खोक्यात सुटी पाती भरून "ओरिजिनल बॉक्ससकट" म्हणून विकणारे कमी नाहीत. इथे नशीब असं की खोक्याच्या आतल्या पुठ्ठ्यावर गंजाचे तपकिरी डाग पडलेले होते, अगदी पात्याच्या आकाराचे, टोक, रुंद भाग आणि मागची कड सकट. मी एकेक पातं उचलून डागावर ठेवून बघितलं, थोडं फिरवलं की चपखल बसत होतं, आणि पात्याच्या ज्या बाजूला गंज जास्त तीच बाजू डागाकडे. एवढा गंज पुठ्ठ्यात उतरायला वर्षं लागतात, म्हणजे ही पाती या खोक्यात खूप काळ अशीच पडून होती. शिवाय त्यांच्या कडांना कानस लागलेली नव्हती, कारखान्यातून आली तशी धार, म्हणजे वापरलेलीच नाहीत. हे दोन्ही फोटोत दिसत नव्हतं. डागाचा क्लोजअप काढून लिलावात टाक असं त्याला मुद्दाम सांगितलं.

रेझरहेडबद्दल एक गोष्ट माहीत नसेल तर घेणारा हमखास फसतो. मूळ पातं दोन धारांचं, आणि फेरूलला आरपार चीर असते, त्या चिरेत ब्लेडसारखी पातळ आडवी पट्टी सरकवायची, की चार धारा होतात. ही पट्टी सुटी असते आणि सुटी वस्तू हरवतेच. आमच्या खोक्यातल्या काही पात्यांच्या पट्ट्या होत्या, सुट्या पात्यांच्या एकाचीही नव्हती. पट्टीसकट आणि पट्टीशिवाय यात किमतीचा फरक पडतो. शिवाय रेझरहेड हे नाव कंपनीने अलीकडे परत बाजारात आणलंय, त्यामुळे "रेझरहेड" एवढ्या शब्दावर काहीच ठरत नाही.

त्या सुट्या पात्यांवरून मित्राशी जरा वाजलंच. ती स्क्रूवर बसवलेली होती, म्हणजे फेरूलच्या आत ॲल्युमिनियमचा एक छोटा अडॅप्टर चिकटवलेला आणि त्याच्या मागे आटे. त्याचं म्हणणं, स्क्रू आहे म्हणजे पाती नवी. आट्यांची ही पद्धत रूढ झाली सत्तरच्या दशकात, हे खरं. त्याआधी लाकडी काडीचं टोक पेन्सिलसारखं पाच अंशांच्या उतारात तासायचे आणि गरम केलेल्या लाखेसारख्या गोंदाने फेरूल त्यावर बसवायचे, ॲल्युमिनियमच्या बाणांनाही टोकाला तसाच निमुळता भाग असायचा. नंतर पोकळ बाणात आट्यांचा इन्सर्ट घालायची पद्धत आली आणि ८-३२ हे स्क्रूच्या आट्यांचं माप सगळ्यांनी धरलं. खात्री करायला वेगळं काही लागत नाही, हार्डवेअरच्या दुकानातला ८-३२ चा स्क्रू आणा आणि अडॅप्टरशेजारी धरून आटे जुळतात का बघा. आमचे जुळले. पण यातून कळतं ते अडॅप्टरचं वय! जुनी चिकटवायची पाती नव्या बाणांवर वापरता यावीत म्हणूनच तर हे अडॅप्टर निघाले. म्हणजे पातं १९५६ नंतर कधीचंही, अडॅप्टर मात्र बहुधा सत्तरचं किंवा त्यानंतरचं, आणि डब्याचा मालक तोपर्यंत शिकारीला जात होता हा वरचा बोनस. अडॅप्टर काढून पाती "जुन्यासारखी" करायचा त्याचा बेत मी हाणून पाडला. फेरूल तापवली की रंग जळतो, पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरू शकतं, आणि हातातला एक पुरावा स्वतःच्या हाताने घालवल्यासारखं होतं.

काळं पातं. हे मिनेसोटाच्या क्लिफ झ्विकी यांच्या घराण्यातलं, ब्लॅक डायमंड. ओळख पटायला वेळ लागला नाही, काळा रंग, पत्र्याच्या घड्यांनी जाड केलेलं टोक, आणि भिंगाखाली स्पॉट वेल्डचे गोल ठिपके. ओळखणं सोपं आणि साल ठरवणं महाकठीण असं याचं आहे. झ्विकींचं काम १९३८ पासूनचं आणि तीच घडण थोड्याफार फरकाने दशकानुदशकं चालू राहिली. माणसाला जर आकार बदलायची गरजच वाटली नाही तर आकारावरून काळ कसा काढणार! पातं सोडून मग काडीकडे बघायचं. काडी पोर्ट ऑर्फर्ड देवदाराची वाटत होती, हे झाड दक्षिण ओरेगॉनच्या किनारपट्टीवरचं आणि अमेरिकन लाकडी बाणांचा राजा, जुनी काडी नखाने जरा खरवडली तरी आल्यासारखा तिखट वास येतो. जाडी कॅलिपरवर ११/३२ इंच. पिसं खरी, मागची खाच प्लास्टिकची. म्हणजे ॲल्युमिनियम सगळीकडे पसरायच्या आधीच्या पद्धतीचा बाण, पण लाकडी बाण हौशी लोक आजही बनवतात, त्यामुळे इथेही "१९३८ नंतरचं, बहुधा युद्धानंतरचं" यापुढे मी गेलो नाही. चिठ्ठीवाल्या आजोबांच्या बाजूने बोलायचं तर अख्ख्या डब्यात कारखान्याची ही एकच वस्तू अशी होती की जी ओढूनताणून का होईना तीसच्या दशकाच्या शेपटाला शिवू शकत होती.

तीन पात्यांच्या टोकावर वेळ घालवला नाही. फेरूलवर "पेटंट पेंडिंग" (म्हणजे अर्ज केलाय, पेटंट अजून मिळायचंय) एवढाच ठसा, नंबर नाही. नंबर असता तर सोपं होतं. अमेरिकन पेटंटचा २० लाखावा नंबर १९३५ ला गेला, ३० लाखावा १९६१ ला आणि ४० लाखावा १९७६ ला, त्यामुळे नुसता पहिला आकडा बघून वस्तू कुठल्या सालानंतरची ते कळतं. मात्र पेटंटचं साल म्हणजे वस्तूचं साल नाही. बेअरच्याच जुन्या धनुष्यांवर पेटंटच्या ओळीत "कॅनडा १९५३" असं छापलेलं असतं आणि साठच्या दशकातली धनुष्यं त्यावरून बिनदिक्कत "१९५३ मॉडेल" म्हणून विकली जातात, विकणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटतं.

आता राहिलं ते ओबडधोबड पितळी, आणि मला विचाराल तर डब्यातली सगळ्यात भारी वस्तू तीच. नळी म्हणजे काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी, बूड कापून टाकलेलं, त्यामुळे बुडावरचा ठसा गेला. पुंगळीला करवतीने चीर पाडलेली, त्यात पातं बसवून दोन रिव्हेट मारलेत आणि वरून डाग (सोल्डर) दिलेला, तो डागही एका बाजूला ओघळलेला. पात्याच्या मागच्या कडेला अर्धं गोल भोक. ते बघितलं आणि कळलं की हे पातं यंत्राच्या करवतीच्या जुन्या ब्लेडमधून कापलंय, ब्लेड अडकवायच्या भोकातूनच काप गेला. दोन बाजू सारख्या नाहीत, कॅलिपर लावला तर एक खांदा दुसऱ्यापेक्षा चांगलाच रुंद. कोणीतरी बसून, हाताने, कानशीने केलेलं काम. हे बघून मित्राचे डोळे चमकले, "हे तरी तीसचं?" असू शकतं. पण घरी केलेलं म्हणजे जुनंच हा नियम नाही. हौशी लोकांनी अशी पाती प्रत्येक दशकात केलीत, आणि मालाची अडचण असो वा नसो, स्वतः केलेल्या टोकाने शिकार करायची हौस असतेच. या पात्यावर काळाची अशी एकही खूण नव्हती की जी दुसऱ्या कशाशी ताडून बघता येईल.

हे पातं वाचलं मात्र थोडक्यात. आम्ही खोक्यात डोकं घालून बसलो होतो तेवढ्यात वहिनी चिंच-मीठ घेऊन आल्या, म्हणाल्या, "भाऊजी, पितळच आहे ना, दोन मिनिटांत लखलखीत करून देते." मी अक्षरशः ओरडलोच, "अहो वहिनी, नका, नका!" पितळेवर चढलेला तो काळपट-तपकिरी थर हीच त्याची जमेची बाजू, तो घासला तर कालच केलेलं आणि साठ वर्षांपूर्वी केलेलं यात फरक दिसणार नाही आणि जमवणारे लोक हातही लावणार नाहीत. लोखंडालाही तारेचा ब्रश, सँडपेपर, व्हिनेगर काही नाही. पडलेला सुटा गंज मऊ कापडाने टिपायचा, यंत्राच्या तेलाचं एक बोट फिरवायचं, बास. आणि धार लावायची नाही! कानस मारली की कारखान्याची मूळ कड गेली, वजनही गेलं. वजन मोजायला बंदुकीच्या दारूसाठी मिळतो तो ग्रेनचा छोटा काटा वापरतात. एका पौंडाचे ७००० ग्रेन, म्हणजे १२५ ग्रेन म्हणजे साधारण ८ ग्रॅम, त्यामुळे एकाच जातीच्या पात्यांमध्ये एखादं हलकं निघालं की समजायचं ते बरंच घासलं गेलंय.

शेवटी लिलावासाठी मजकूर ठरवला. मित्राला "दुर्मिळ", "१९३० चं दशक", "आजोबांचा खजिना" असं सगळं हवं होतं. मी म्हटलं, खोक्यावर झिप कोड छापलेला असताना १९३० लिहिलंस तर पहिला जाणकार माणूस जाहिरातीखाली येऊन तेच विचारेल आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून लिहिलं ते असं: बेअर रेझरहेड, ग्रेलिंगच्या खोक्यासकट, खोकं १९६३ ते १९७८ मधलं, पाती न वापरलेली, खोक्यातली काही पट्टीसकट. सुटी पाती, पट्टीशिवाय, आट्यांचा अडॅप्टर नंतर बसवलेला. झ्विकी, देवदाराच्या काडीवर, १९३८ नंतरचं, नेमकं साल ठरवलेलं नाही. तीन पात्यांचं, पेटंट पेंडिंग ठशाचं, फोटो बघून ठरवा. आणि परवाना वेगळा न विकता ज्यांच्या घरातून डबा आला त्या मुलीला परत द्यायचा, कारण त्यावर तिच्या वडिलांचं नाव होतं. ती खूश झाली, आणि बोलता बोलता तिने सांगितलं की चिठ्ठी सामान मांडणाऱ्या एजंटने लिहिली होती, घरच्यांनी कधीच १९३० म्हटलेलं नव्हतं! वडील शिकारीला लागले ते युद्धावरून आल्यावर. म्हणजे ज्या दाव्यामागे आम्ही एवढे लागलो होतो तो घरचा नव्हताच.

खोकं चांगल्या भावाला गेलं, घेणाऱ्याने त्या गंजाच्या डागाचेच आणखी फोटो मागवले. पितळी पातं मित्राने ठेवून घेतलं, लिलावात टाकलंच नाही, विकणार नाही म्हणतो. सुटी पाती पाठवताना प्रत्येकाची टोकं आणि कडा बुचाच्या लाकडात खोचून वर पुठ्ठा बांधला, नाहीतर पोस्टातल्या माणसाचा हात कापायचा. झ्विकी मात्र बाणासकट जायचं होतं, त्याला लांब नळकांडं लागलं आणि पाठवायचा खर्च जवळजवळ पात्याच्या किमतीला जाऊन भिडला, त्यामुळे पुढच्या वेळी लांब बाण असेल तर पोस्टाचा भाव आधी काढ आणि मग लिलावाला टाक एवढं त्याला बजावून ठेवलंय.